कात्रणांची चित्रकर्ती

तुमच्या घरी किंवा शेजाऱ्यांकडे वर्तमानपत्र येत असेल. महिनाभर ते कोपऱ्यात साठते आणि मग एके दिवशी रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. मंत्र्याचे छायाचित्र असो, खेळाडूचे असो की साबणाच्या जाहिरातीचे, रद्दीत सगळ्यांचा भाव एकच. अशा रद्दीतून चित्रे घडवणाऱ्या एका बाईची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे. तिचे नाव हान्ना होख. ती जर्मनीची. तिला ब्रश उत्तम चालवता येत होता; पण तिचे नाव झाले ते कात्रीमुळे. उर्दूत आपण जिला कैंची म्हणतो तीच ही कात्री. कात्रीने कापून ठेवलेल्या कागदाच्या तुकड्याला मराठीत कात्रण म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, तो या पाठात वारंवार येणार आहे.

हान्नाचा जन्म १ नोव्हेंबर १८८९ रोजी गोथा येथे झाला. गोथा हे जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातले एक लहान शहर आहे. वडील विमा कंपनीत नोकरीला होते. आई हौसेने चित्रे काढत असे. पाच भावंडांत हान्ना सर्वांत मोठी. घरातल्या थोरल्या मुलीच्या वाट्याला काय येते, हे तुमच्यापैकी पुष्कळ मुलींना सांगायला नको. १९०४ साली सर्वांत धाकटी बहीण जन्मली. तिला सांभाळायला कोणीतरी हवे होते, म्हणून हान्नाची शाळा बंद झाली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

मुलीने योग्य वेळी लग्न करावे आणि चित्रकलेचे वेड विसरून जावे, असे वडिलांना वाटत होते. हान्नाने घरात भांडण केले नाही, पण आपला नादही सोडला नाही. अखेर १९१२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ती बर्लिनला गेली आणि शार्लोटेनबुर्ग भागातील कलाशाळेत दाखल झाली. तिथे तिने विषय घेतला काचेवरील नक्षीकामाचा. चित्रकार होते म्हटले असते तर घरून परवानगी मिळणे कठीण होते. हातात एखादे उपयोगी कसब येते म्हटल्यावर विरोध कमी झाला. शिकण्यासाठी कधी कधी अशी आडवाट धरावी लागते.

दोन वर्षांतच, १९१४ च्या उन्हाळ्यात, पहिले महायुद्ध सुरू झाले. शाळा बंद पडली. हान्ना गोथाला परतली आणि तिने रेड क्रॉसचे काम केले. १९१५ साली ती पुन्हा बर्लिनला आली आणि एमिल ऑर्लिक या नामांकित चित्रकाराच्या वर्गात लाकडी ठसे व छापील चित्रे तयार करण्याचे शिक्षण घेऊ लागली. शिक्षण चालू होते, पण पोटासाठी पैसेही हवे होते. १९१६ साली तिला उलश्टाईन या मोठ्या प्रकाशनसंस्थेत नोकरी मिळाली. आठवड्यातून तीन दिवस काम. ही नोकरी तिने दहा वर्षे केली.

या नोकरीकडे जरा नीट लक्ष द्या. हान्नाचे काम होते स्त्रियांच्या मासिकांसाठी भरतकामाचे, लेसचे आणि कपड्यांचे नमुने काढण्याचे. घरोघरच्या स्त्रिया ते नमुने पाहून रुमालांवर आणि पडद्यांवर फुले भरत. अशा कामाला मोठे कलावंत कला मानत नसत. हान्ना मात्र मानत होती. १९१८ साली तिने भरतकामाच्या एका मासिकात लेख लिहून स्त्रियांना बजावले, की जुन्या नमुन्यांची नक्कल पुरे झाली. तुम्ही आजच्या काळात जगता, तर तुमच्या सुईतूनही आजचा काळ दिसू द्या. आणखी एक गोष्ट अशी, की उलश्टाईन संस्था लाखो लोक वाचतील असे एक सचित्र साप्ताहिकही काढत असे. त्यात पुढारी, सेनापती, नर्तकी, यंत्रे, मोटारी, मुष्टियोद्धे अशा सगळ्यांची छायाचित्रे छापली जात. हान्नाच्या भोवती अशा छापील कागदांचा ढीगच होता. त्यातली मनात भरतील ती चित्रे ती कापून ठेवू लागली.

कापलेल्या चित्रांचे पुढे काय करावे हे मात्र तिला एका सुटीत उमगले. १९१८ च्या उन्हाळ्यात ती आणि तिचा कलावंत मित्र राऊल हाउसमान बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील एका खेड्यात राहिली होती. तिथल्या घरात भिंतीवर एक तसबीर टांगलेली होती. अशा तसबिरी त्या वेळी जर्मनीत सर्रास दिसत. चित्र छापील असे. त्यात बराकी, सम्राट आणि रुबाबदार गणवेशातला एक शिपाई असे. या शिपायाच्या तोंडाच्या जागी ज्याच्या त्याच्या मुलाचे छायाचित्र कापून चिकटवलेले असे. मुलगा आघाडीवर गेला, की घरातले लोक त्याची अशी आठवण भिंतीवर लावत.

ती तसबीर पाहून हान्नाच्या मनात एक विचार चमकला. धड एकाचे आणि डोके दुसऱ्याचे; तरी पाहणारा त्याला एकच माणूस समजतो. म्हणजे डोके बदलले की चित्राचा अर्थ बदलतो. शिपायाच्या धडावर मुलाचे डोके लावले तर अभिमान वाटतो. मग नर्तकीच्या धडावर सेनापतीचे डोके लावले तर? या युद्धात जर्मनीचे सुमारे वीस लाख सैनिक मारले गेले. वर्तमानपत्रे मात्र सेनापतींची रुबाबदार छायाचित्रेच छापत होती. त्या छायाचित्रांना आतून उलटे करण्याची युक्ती आता तिच्या हाती आली होती. हीच युक्ती आपण १९१६ सालीच शोधली होती, असे गेओर्ग ग्रोस आणि जॉन हार्टफील्ड हे दुसरे दोन जर्मन कलावंत पुढे सांगत राहिले. पहिला कोण हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटला नाही तरी फारसे बिघडत नाही.

कागद चिकटवून केलेल्या चित्राला कोलाज म्हणतात. हा फ्रेंच शब्द असून त्याचा मूळ अर्थ चिकटवणे असा आहे. १९१२ साली पॅरिसमध्ये पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी आपल्या चित्रांत वर्तमानपत्राचे व भिंतीवर लावायच्या कागदाचे तुकडे चिकटवले. हान्नाने आणि तिच्या सोबत्यांनी छायाचित्रे कापून जोडली, म्हणून त्यांच्या चित्रांना फोटोमोंटाज हे नाव पडले. मोंटाज म्हणजे जोडणी. कारखान्यात यंत्राचे सुटे भाग जोडतात ना, तशी. आपण चित्रकार नसून फिटर आहोत, असे हे कलावंत गमतीने म्हणत.

इथे तुम्हांला उर्दूतला एक शब्द आठवावा असे मला वाटते. तो शब्द म्हणजे मुरक्का. मुघल बादशहा आवडती चित्रे आणि सुंदर हस्ताक्षराचे नमुने जमवून, कापून, एका पानावर चिकटवून त्यांचे संग्रह करवून घेत. अशा संग्रहाला मुरक्का म्हणत, आणि या शब्दाच्या मुळाशी ठिगळ हाच अर्थ आहे. जहांगीरच्या काळातल्या मुरक्का-ए-गुलशनमध्ये तर युरोपातून आलेली छापील चित्रेही चिकटवलेली आहेत. त्याची बरीच पाने आज तेहरानच्या गुलिस्तान महालात आहेत. तेव्हा कागदाला कागद जोडणे ही काही एकट्या युरोपची मिरासदारी नव्हे. मात्र मुरक्का तयार होई तो बादशहाचे वैभव वाढवण्यासाठी. हान्नाची कात्री चालली ती बादशहाच्याच मिशांवर. कशी ते पुढे पाहू.

आधी तिचे एक लहान चित्र पाहा. ते वहीच्या पानापेक्षा मोठे नाही. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म गादी सोडून हॉलंडला पळाला आणि देशात प्रजासत्ताक आले. फ्रीडरिश एबर्ट अध्यक्ष झाले. गुस्ताव नोस्के संरक्षणमंत्री होते. १९१९ च्या आरंभी बर्लिनमध्ये कामगारांचा उठाव झाला, तो या सरकारने सैनिक घालून चिरडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वर नाव आले त्या साप्ताहिकाने मुखपृष्ठावर एक छायाचित्र छापले. त्यात हे दोन्ही पुढारी समुद्रात पोहण्याच्या चड्ड्या घालून उघड्या अंगाने उभे होते. देशभर हसू झाले. हान्नाने त्या दोघांना नेमके कापून बाजूला काढले आणि भरतकामाच्या छापावर नेऊन चिकटवले. इस्त्री फिरवून कापडावर नक्षी उमटवण्याचा तो छाप होता. त्यावर फुले, फुलपाखरे आणि छत्री घेतलेली एक स्त्री अशी नाजूक नक्षी आहे. त्या नक्षीत हे दोन पोट सुटलेले पुढारी उभे आहेत. रस्त्यावर माणसे मरत आहेत आणि देशाचे धनी मात्र स्वप्नातल्या बागेत रमले आहेत. हान्नाने यात एक अक्षरही लिहिलेले नाही. पुढाऱ्यांचे छायाचित्र साप्ताहिकातले, नक्षीचा कागद तिच्या रोजच्या कामातला. दोन्ही कागद एकमेकांवर येताच टीका तयार झाली.

हे काम वाटते तितके सोपे नाही. तुम्ही करून पाहा म्हणजे कळेल. आधी पुष्कळ कात्रणे जमवावी लागतात, कारण हवे ते चित्र हवे तेव्हा मिळत नाही. मग प्रत्येक आकृतीच्या कडेकडेने बारीक कात्री चालवावी लागते. बोट, केस, चाकाचा दाता तुटला की कात्रण वाया गेले. त्यानंतर तुकडे कागदावर नुसते मांडायचे, सरकवायचे, एकावर एक ठेवायचे. खालचा थर किती दिसू द्यायचा आणि किती झाकायचा, हे ठरवण्यातच सगळी मेहनत असते. माणूस लहान आणि मुंगी मोठी केली, तर पाहणाऱ्याला एकदम वेगळे काही वाटू लागते. भडक तुकड्याशेजारी मोकळी जागा सोडली तर तोच तुकडा अधिक उठून दिसतो. सगळे मनासारखे जमल्यावर मगच खळ लावायची. एकदा चिकटवले की परत काढता येत नाही. भरतकामाचे नमुने काढताना हान्नाला नेमकेपणाची जी सवय लागली होती, ती इथे कामाला आली. तिच्या चित्रांतल्या कडा पाहिल्या की हे लगेच लक्षात येते.

त्या काळात काही तरुण कलावंतांनी दादा नावाची चळवळ चालवली होती. हा दादा आपला थोरला भाऊ नव्हे. फ्रेंच भाषेत दादा म्हणजे लहान मुलांचा लाकडी घोडा. १९१६ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे युद्धाला कंटाळलेल्या कलावंतांनी हे नाव घेतले. शहाणे म्हणवणारे लोक जर लाखो माणसे मारतात, तर आम्ही वेड्यासारखे बोलू आणि वेडी चित्रे काढू, असा त्यांचा पवित्रा होता. १९१८ साली ही चळवळ बर्लिनला पोहोचली. बर्लिनच्या या गटात स्त्री म्हणून प्रामुख्याने हान्नाचेच नाव येते.

१९२० च्या उन्हाळ्यात या गटाने बर्लिनमध्ये मोठे प्रदर्शन भरवले. त्याला त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय दादा मेळा असे नाव दिले. छताला सैनिकी गणवेशातला एक पुतळा टांगला होता आणि त्याचे तोंड डुकराचे होते. सैन्याचा अपमान झाला म्हणून पुढे खटला भरला गेला. जुन्या समाजाला असा धक्का देणारे हे बंडखोर पुरुष एका बाबतीत मात्र अगदी जुन्या वळणाचे निघाले. ग्रोस आणि हार्टफील्ड यांना हान्नाची चित्रे प्रदर्शनात नको होती. तिला घेतले नाही तर मीही माझी चित्रे काढून घेईन, असे हाउसमानने बजावले, तेव्हा कुठे तिला जागा मिळाली. पुढे हान्स रिश्टर या सहकाऱ्याने त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. टंचाईच्या दिवसांतही हान्ना सर्वांच्या खाण्यापिण्याची सोय कशी करत असे, याचे त्यात कौतुक आहे. चित्रे करणाऱ्या बाईची आठवण काढायची आणि ती न्याहारीवरून, हे वाचताना आजही वाईट वाटते.

या मेळ्यात हान्नाने मांडलेले एक चित्र आज जगभर ओळखले जाते. त्याचे नाव फार लांब आहे. थोडक्यात सांगायचे तर, स्वयंपाकघरातल्या सुरीने जर्मनीच्या पोट सुटलेल्या जमान्याला घेतलेला छेद. चित्र ११४ सेंटिमीटर उंच आणि ९० सेंटिमीटर रुंद आहे. पहिल्यांदा पाहताना डोळे गोंधळून जातात. माणसे, चाके, गर्दी, मोटारी, प्राणी, अक्षरे असे सगळे हवेत तरंगत असल्यासारखे दिसते. मग हळूहळू ओळख पटू लागते. वर उजवीकडे सम्राट विल्हेल्म आहे. त्याच्या प्रसिद्ध पिळदार मिशांच्या जागी दोन पहिलवान उलटे चिकटवलेले आहेत. सेनापती हिंडेनबुर्गचे डोके एका नर्तकीच्या धडावर बसले आहे. डावीकडे वर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन आहे. मध्यभागी एक नर्तकी झेपावते आहे. तिला स्वतःचे डोके नाही. तिच्या जरा वर केटे कोलविट्झ या थोर चित्रकर्तीचे डोके चेंडूसारखे तरंगते आहे. खाली उजव्या कोपऱ्यात युरोपचा एक लहानसा नकाशा आहे. ज्या देशांत स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला किंवा लवकरच मिळणार होता, ते देश त्यात दाखवले आहेत. जर्मन स्त्रियांनी १९१९ च्या जानेवारीत पहिल्यांदा देशाच्या निवडणुकीत मत दिले होते. त्या नकाशाच्या कडेला हान्नाने स्वतःचे डोके चिकटवले आहे. ते इतके लहान आहे की शोधावे लागते. इतर चित्रकार कोपऱ्यात सही करतात, तशी ही तिची सही असावी असे मला वाटते. चित्राच्या नावातली सुरीही तिने मुद्दाम स्वयंपाकघरातून आणली असावी.

१९२२ साली हाउसमानशी तिची सोबत संपली. दादा मंडळीही पांगली. हानोवर येथील कुर्ट श्विटर्स मात्र तिचा आयुष्यभराचा स्नेही राहिला. तोही रद्दीचाच भक्त होता. ट्रामची वापरलेली तिकिटे, चॉकलेटचे वेष्टण, फाटकी पाकिटे अशा वस्तूंतून तो सुंदर चित्रे करी. हान्नाच्या नावाच्या शेवटी रोमन लिपीतले एक अक्षर त्यानेच वाढवले, म्हणजे ते नाव दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येते, अशी एक गोष्ट सांगतात.

१९२६ ते १९२९ ही वर्षे हान्नाने हॉलंडमध्ये काढली. तिथे तिच्यासोबत तिची मैत्रीण, डच लेखिका तिल ब्रुगमन होती. १९२९ साली हेग शहरात तिचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. तोवर ती चाळिशीला आली होती. या काळातल्या तिच्या एका मालिकेत युरोपातल्या स्त्रियांची छायाचित्रे आणि आफ्रिका व इतर खंडांतल्या मुखवट्यांची छायाचित्रे एकत्र जोडलेली आहेत. त्यातल्या १९३० सालच्या एका चित्राचे नाव आहे 'भारतीय नर्तकी'. चित्रात खरी भारतीय नर्तकी नाही. चेहऱ्याचा एक भाग फ्रेंच चित्रपटातल्या अभिनेत्रीचा, दुसरा भाग आफ्रिकेतल्या कॅमेरूनच्या मुखवट्याचा, आणि डोक्यावर मुकुट आहे तो सुऱ्या-चमच्यांच्या आकृत्यांचा. स्त्रीला देवी म्हणून मखरात बसवायचे आणि कामाला मात्र स्वयंपाकघरात जुंपायचे, या रिवाजाची ती थट्टा आहे, असा त्याचा अर्थ लावतात. दुसऱ्या देशांच्या पवित्र वस्तू अशा कापून वापरणे कितपत योग्य, असा प्रश्न आजचे काही अभ्यासक विचारतात. तो प्रश्नही रास्त आहे. हे चित्र सध्या न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि हान्नाच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ सुरू झाला. नव्या राज्यकर्त्यांना फक्त आपल्या विचारांची, गुळगुळीत आणि रुबाबदार चित्रे हवी होती. बाकीच्या कलेला त्यांनी सडकी, बिघडलेली कला ठरवले. ग्रोस आधीच अमेरिकेला गेला होता. हार्टफील्ड पोलिसांच्या हातून निसटून प्रागला पळाला. हाउसमानने त्याच वर्षी देश सोडला. १९३७ च्या सुरुवातीला श्विटर्सही नॉर्वेला गेला. हान्ना जर्मनीतच राहिली. त्याच १९३७ साली नाझींच्या बाजूच्या एका लेखकाने तथाकथित सडक्या कलेवर पुस्तक लिहिले आणि त्यात हान्नाचे एक चित्र नमुना म्हणून छापले. त्याच उन्हाळ्यात म्युनिकमध्ये अशा कलेची टवाळी करणारे सरकारी प्रदर्शन भरले आणि ते पाहायला वीस लाखांवर लोक आले. हान्नाचे प्रदर्शन भरणे आता शक्यच नव्हते. जिथे ती राहत होती, तिथले शेजारी तिला ओळखत होते. कोण कधी चुगली करील याचा नेम नव्हता.

१९३८ मध्ये तिने कुर्ट माथीस याच्याशी लग्न केले, पण ते टिकले नाही. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्याच वर्षी तिने बर्लिनच्या वायव्य टोकाला हायलिगेनझे या भागात एक लहानसे घर घेतले. भोवती बाग होती. तिथे तिला कोणी ओळखत नव्हते, आणि तिला तेच हवे होते.

त्या घरात तिने काय नेले? स्वतःची चित्रे तर होतीच. त्याशिवाय दादा मंडळींची पत्रके, मासिके, पत्रे, हाउसमान आणि श्विटर्स यांची कामे, प्रदर्शनांची निमंत्रणे, असा सगळा धोकादायक कागद होता. हा कागद कोणाच्या हाती लागला असता तर काय झाले असते, ते तिला चांगले ठाऊक होते. भीतीने त्या दिवसांत अनेकांनी असे कागद चुलीत घातले, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. हान्नाने चुलीत काही घातले नाही. तिने ते पेट्यांत भरून घरात आणि बागेत दडवले. वर भाजीपाला आणि फुलझाडे होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसे ती बागेत राबणारी एक पन्नाशीची एकटी बाई. बर्लिनवर बाँब पडत होते, अन्नाची टंचाई होती, आणि ती भाज्या पिकवून जगत होती. या काळातही तिने चित्रे करणे सोडले नाही. ती कोणाला दाखवता येत नव्हती, एवढेच.

मे १९४५ मध्ये युद्ध संपले. बर्लिन म्हणजे विटा-मातीचे ढिगारे झाले होते. झुरिक किंवा पॅरिसमधला दादा बऱ्याच प्रमाणात शिल्लक होता. बर्लिनमधल्या दादाचे पुरावे मात्र मोठ्या संख्येने नष्ट झाले होते. जे वाचले त्यातला फार मोठा वाटा हान्नाच्या पेट्यांतून बाहेर आला. ज्या मंडळींना तिचे चित्र भिंतीवर नको होते, त्यांच्या गटाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांना पुढे तिच्याच दाराशी यावे लागले.

त्याच १९४५ साली, उपासमारीच्या त्या दिवसांत, तिने लहान मुलांसाठी एक चित्रांचे पुस्तक तयार केले. मासिकांतली पाने, फुले, पिसे आणि प्राण्यांचे तुकडे कापून तिने कधी कोणी न पाहिलेली जनावरे घडवली, त्यांना गमतीची नावे दिली आणि प्रत्येकावर छोटी कविता रचली. पण ते पुस्तक त्या वेळी छापले गेले नाही.

पुढची तेहतीस वर्षे ती हायलिगेनझेच्या त्याच घरात राहिली. बाग आणि कात्री दोन्ही चालू होती. आता रंगीत मासिके मिळू लागली होती, त्यामुळे तिच्या चित्रांतही रंग आला. पुढाऱ्यांची थट्टा कमी झाली. झाडे, कीटक, पाणी, आकाश यांच्या तुकड्यांतून ती नवेच देखावे रचू लागली. जगाने तिची दखल उशिरा घेतली. १९७१ मध्ये बर्लिनच्या कला अकादमीत तिच्या कोलाजचे मोठे प्रदर्शन झाले, आणि १९७६ मध्ये पॅरिस व बर्लिन येथे तिच्या आयुष्यभराच्या कामाचे. तेव्हा ती सत्याऐंशीच्या घरात होती.

त्याआधी, १९७२-७३ मध्ये, तिने आपले शेवटचे मोठे कोलाज पूर्ण केले. ते १३० सेंटिमीटर बाय १५० सेंटिमीटर आकाराचे आहे आणि त्याचा विषय तिचे स्वतःचे आयुष्य हा आहे. त्यात तिची निरनिराळ्या वयांतली छायाचित्रे आहेत, बागेतली झाडे आहेत, आणि तिच्या जुन्या चित्रांची लहान छायाचित्रेही आहेत. आजवर दुसऱ्यांची डोकी कापणाऱ्या बाईने या वेळी कात्री स्वतःच्या छायाचित्रांवर चालवली.

३१ मे १९७८ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये तिचा मृत्यू झाला. तिने जपलेली पत्रे, पत्रके आणि कागद बर्लिनच्याच एका संग्रहालयात आहेत. मुलांसाठी केलेले ते जनावरांचे पुस्तक १९८५ साली, ती गेल्यानंतर सात वर्षांनी, पहिल्यांदा छापून आले.